साहेबालाही शिकवणारा हवा

पद जसजसे मोठे होत जाते तसतशी खरे बोलणारी माणसे कमी होत जातात. ही उणीव ‘एकास एक’ मार्गदर्शनाने कशी भरून निघते, हे म्हैसूर आणि कोल्हापूरच्या गाद्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. आजच्या नोकरदारांनाही त्यातून बरेच शिकता येईल.

घरात बढतीची बातमी येते त्या संध्याकाळी पेढे आणले जातात, शेजारीपाजारी वाटले जातात. नातेवाइकांचे फोन येतात. आईवडिलांचा ऊर भरून येतो. पण दोनतीन महिने उलटले की त्याच घरातले वातावरण पालटते. ज्याला बढती मिळाली तो रात्री उशिरा येतो, जेवताना गप्प असतो, मुलांवर विनाकारण खेकसतो. बढती घरातील सुनेला मिळालेली असेल तर परिस्थिती आणखी कठीण. कार्यालयात तिने कडक बोलावे तर ‘फार ताठ आहे’ आणि नरमाईने घ्यावे तर ‘हिला जमत नाही’, अशी दोन्हीकडून टीका होते. घरच्यांनी विचारले तर उत्तर एकच असते, ‘काही नाही, कामाचा ताण आहे.’

हा ताण कशाचा असतो? काम येत नाही म्हणून तो नसतो. काम चांगले येत होते म्हणूनच तर बढती मिळाली. पण स्वत: काम करणे वेगळे आणि दहा जणांकडून ते करवून घेणे वेगळे. उत्तम रोखपाल हा उत्तम शाखाव्यवस्थापक असतोच असे नाही. उत्तम अभियंत्याला कारखान्यातील माणसे सांभाळता येतीलच असेही नाही. हे दुसरे काम कोणत्याही महाविद्यालयात नीट शिकवले जात नाही आणि कार्यालयातही ते शिकवायला कोणाला सवड नसते.

शिवाय खुर्ची बदलली की माणसेही बदलतात. कालपर्यंत डबा खाताना ‘अरे, तुझे हे चुकले’ असे सांगणारे सहकारी आज ‘बरोबर आहे, साहेब’ म्हणू लागतात. वरिष्ठांपुढे अडचण मांडावी तर ‘याला झेपत नाही’ असा शेरा बसण्याची भीती. घरी सांगावे तर घरचे घाबरतात किंवा सगळा दोष कार्यालयातील इतरांना देऊन मोकळे होतात. त्यामुळे ज्याच्या निर्णयावर सर्वांत जास्त माणसे अवलंबून, त्यालाच स्पष्ट शब्दांत चूक दाखवणारे कोणी उरत नाही.

या एकाकी माणसासाठी गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांमध्ये एक सोय रूढ झाली आहे. तिला ‘एक्झिक्युटिव्ह कोचिंग’ म्हणतात. कोचिंग म्हटले की आपल्याकडे दहावी-बारावीचे क्लास डोळ्यांसमोर येतात. हा प्रकार मात्र निराळा आहे. येथे एक अधिकारी आणि एक मार्गदर्शक असे दोघेच समोरासमोर बसतात. ठरावीक काळाने भेटतात आणि त्या अधिकाऱ्याच्या रोजच्या कामातील प्रश्नांवरच बोलतात. नाव परदेशी असले तरी कल्पना आपल्याला अपरिचित नाही. तिचे एक ठळक उदाहरण म्हैसूरच्या इतिहासात सापडते.

बारा वर्षांचा राजा आणि त्याचा शिक्षक

डिसेंबर 1894 मध्ये म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार कलकत्त्याला गेले असताना घटसर्पाने वारले. त्यांचे ज्येष्ठ पुत्र कृष्णराज तेव्हा अवघे दहा वर्षांचे होते. गादीवर त्यांची स्थापना झाली, पण राज्याची सूत्रे त्यांच्या मातोश्री वाणीविलास सन्निधान यांनी रीजंट म्हणून हाती घेतली. शेषाद्री अय्यर यांच्यासारखा अनुभवी दिवाण कारभार पाहत होता. प्रश्न होता तो या मुलाला राज्यकर्ता कसे बनवायचे याचा.

पुस्तकी शिक्षणाची व्यवस्था होतीच. इंग्रजी शिक्षणाबरोबर कन्नड, संस्कृत, घोडेस्वारी आणि संगीत हेही त्यांना शिकवले जात होते. पण राज्य चालवणे हा काही घोकंपट्टीचा विषय नव्हे. त्यासाठी 1896 मध्ये मुंबई इलाख्यातील एक सनदी अधिकारी स्टुअर्ट फ्रेझर यांना खास शिक्षक आणि पालक म्हणून नेमण्यात आले. पुढची सहा वर्षे, म्हणजे महाराज अठरा वर्षांचे होईपर्यंत, फ्रेझर यांनी ही जबाबदारी सांभाळली.

सोबतीला निवडक मुले होती. त्यांतलेच एक मिर्झा इस्माईल. ते पुढे 1926 पासून 1941 पर्यंत म्हैसूरचे दिवाण होते. म्हणजे राजा आणि त्याचा भावी दिवाण एकाच वर्गात वाढले. अभ्यासात कायद्याची मूलतत्त्वे होती, महसूल कसा आकारला आणि वसूल केला जातो याची पद्धत होती. मात्र शिक्षण तेवढ्यावर थांबले नाही. ज्या राज्याचा कारभार करायचा ते राज्य या मुलाला हिंडून दाखवण्यात आले. महसुलाचे आकडे कागदावर वाचणे आणि तो महसूल भरणाऱ्याचे गाव प्रत्यक्ष पाहणे, यातला फरक अशा दौऱ्यांतूनच कळतो.

8 ऑगस्ट 1902 रोजी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात व्हाईसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत कृष्णराज वाडियार यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. पुढे 1940 पर्यंत त्यांनी राज्य केले. त्यांच्या कारकिर्दीत शिवसमुद्रमच्या धबधब्यावरील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली, 1905 मध्ये बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले, 1916 मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले, कावेरीवर कृष्णराजसागर धरण उभे राहिले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्यात नावाजलेल्या विश्वेश्वरय्यांना त्यांनी 1909 मध्ये मुख्य अभियंता म्हणून बोलावले आणि 1912 मध्ये दिवाण केले. आपल्यापेक्षा वयाने आणि ज्ञानाने मोठ्या माणसाला जवळ बोलावून त्याला काम करू देणे, हे अधिकारपदावरील माणसाचे फार मोठे कौशल्य असते.

हाच शिक्षक धारवाडात

मराठी वाचकांना फ्रेझर हे नाव मात्र दुसऱ्याच संदर्भात आठवेल. म्हैसूरला जाण्यापूर्वी ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे शिक्षक होते. राजकोटच्या राजकुमार कॉलेजातील शिक्षणानंतर शाहूंची रवानगी धारवाडला झाली आणि 1894 मध्ये राज्याधिकार हाती येईपर्यंत ते तेथे फ्रेझर यांच्या देखरेखीखाली शिकले. भावनगरचे भावसिंहजी आणि कागलकर घाटगे घराण्यातील शाहूंचे बंधू त्यांच्यासोबत होते. फ्रेझर शाहूंपेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठे. धारवाडलाही अभ्यास चार भिंतींत कोंडलेला नव्हता. या मुलांना उत्तर हिंदुस्थान, दक्षिण हिंदुस्थान आणि सिलोनपर्यंतचा प्रवास घडवण्यात आला.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. 26 जुलै 1902 रोजी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील नोकऱ्यांमध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. म्हैसूरच्या राज्यारोहणापूर्वी जेमतेम दोन आठवडे आधीची ही घटना. नंतर म्हैसूरमध्येही कृष्णराज वाडियार यांनी याच प्रश्नावर 1918 मध्ये न्यायमूर्ती मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राधानगरीचे धरण शाहूंनी हाती घेतले, कृष्णराजसागर वाडियारांनी. दोघांनाही लोक आजतागायत ‘राजर्षी’ म्हणून ओळखतात.

याचे श्रेय शिक्षकाला द्यायचे का? मुळीच नाही. निम्म्या जागा राखून ठेवा, असे धारवाडात कोणी शिकवले नव्हते. तो निर्णय शाहूंचा, त्यांच्या अनुभवाचा आणि त्यांच्या धैर्याचा होता. फ्रेझर यांनी कारभाराची रीत दाखवली. कारभार कोणासाठी करायचा, हे दोन्ही राजांनी स्वत: ठरवले. चांगल्या मार्गदर्शनाची मर्यादा नेमकी हीच आहे आणि त्याचे मोठेपणही त्यातच आहे. विद्यार्थी शिक्षकाची नक्कल बनला नाही तरच शिक्षण सफल झाले असे म्हणायचे.

बडोद्याच्या दिवाणाची व्याख्याने

असाच प्रयोग बडोद्यात आधी झाला होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळराव नावाच्या मुलाला 1875 मध्ये दत्तक घेऊन बडोद्याच्या गादीवर बसवण्यात आले. हेच सयाजीराव गायकवाड. बडोद्याला आले तेव्हा त्यांना लिहितावाचताही येत नव्हते. एलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना शिकवले. परंतु अधिक मोलाचे काम दिवाण टी. माधवराव यांनी केले. 1881 मध्ये, राज्याची सूत्रे हाती येण्यापूर्वी, त्यांनी या तरुण महाराजांना व्याख्यानांची एक मालिकाच ऐकवली. ती पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली.

या व्याख्यानांचे वेगळेपण असे की, स्वत: दिवाण म्हणून त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा ही तीन संस्थाने सांभाळलेल्या माणसाचे ते बोलणे होते. समोर श्रोता एकच होता आणि त्याला लवकरच नेमक्या कोणत्या अडचणी येणार आहेत हे वक्त्याला ठाऊक होते. शंभर श्रोत्यांपुढील व्याख्यान प्रत्येकाला थोडेथोडे लागू पडते. एका श्रोत्यासाठी केलेले बोलणे त्याला पूर्ण लागू पडते. एकास एक मार्गदर्शनाची सारी ताकद या फरकात आहे.

आजच्या म्हैसूरकडे पाहिले तरी हा फरक जाणवतो. हे शहर प्रशिक्षणाचे मोठे केंद्र झाले आहे. इन्फोसिसच्या तेथील विस्तीर्ण परिसरात हजारो नवे अभियंते शिकून बाहेर पडतात. कर्नाटक सरकारच्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षणही म्हैसूरलाच होते. अशा वर्गांची गरज आहेच. नियम, तंत्र, कायदा हे सगळे वर्गात उत्तम शिकवता येते. पण ‘माझ्या हाताखालचा ज्येष्ठ सहकारी माझ्याशी बोलत नाही, मी काय करू?’ हा प्रश्न भरल्या वर्गात कोणी विचारत नाही.

शस्त्रक्रियागृहातील कोच

वय आणि अनुभव वाढल्यावर शिक्षक कशाला हवा, असे अनेकांना वाटते. या शंकेला अमेरिकेतील एका नामवंत शल्यविशारदाने स्वत:च्या उदाहरणाने उत्तर दिले आहे. डॉ. अतुल गावंडे यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्याच्या उटी गावचे. अतुल गावंडे यांचा जन्म अमेरिकेतला. बोस्टनच्या रुग्णालयात ते शस्त्रक्रिया करत. आठेक वर्षांच्या अनुभवानंतर त्यांच्या लक्षात आले की, आपल्या कामात होणारी सुधारणा थांबली आहे. आपण वाईट काम करत नाही, पण अधिक चांगलेही करत नाही.

टेनिसचे अव्वल खेळाडू प्रशिक्षक ठेवतात, मग शल्यविशारदाने का ठेवू नये, असा विचार करून त्यांनी आपले जुने शिक्षक, निवृत्त शल्यविशारद डॉ. रॉबर्ट ऑस्टीन यांना शस्त्रक्रियेच्या वेळी नुसते उभे राहून निरीक्षण करण्याची विनंती केली. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. गावंडे यांना वाटले, सांगण्यासारखे काही नसेल. ऑस्टीन यांच्या टिपणवहीत मात्र बऱ्याच नोंदी होत्या. गावंडे यांचा कोपर मधूनमधून खांद्याच्या उंचीपर्यंत जात होता, त्यामुळे हाताची अचूकता कमी होत होती. कापड अशा रीतीने अंथरले होते की समोरच्या मदतनिसाला नीट काम करता येत नव्हते. दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता आणि सुमारे अर्धा तास ते कोणाच्या ध्यानातही आले नव्हते.

या अनुभवावर गावंडे यांनी 2011 मध्ये ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात लिहिलेला लेख गाजला. त्या वीसेक मिनिटांच्या बोलण्यातून आधीच्या पाच वर्षांपेक्षा जास्त शिकायला मिळाले, असे त्यांनी नमूद केले. तेव्हा ते लेखक आणि डॉक्टर म्हणून जगभर ओळखले जात होते. तरीही स्वत:च्या रुग्णालयात, स्वत:च्या हाताखालच्या लोकांसमोर, आपल्या चुका टिपून घेणारा माणूस उभा करणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

गूगल कंपनीचे तेव्हाचे प्रमुख एरिक श्मिट यांनाही सुरुवातीला कोच ठेवण्याचा सल्ला रुचला नव्हता. आपण इतके अनुभवी, आपल्याला काय गरज, असे त्यांना वाटले होते. पुढे तोच आपल्याला मिळालेला उत्तम सल्ला होता, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्यांना मार्गदर्शन करणारे बिल कॅम्पबेल हे एकेकाळी महाविद्यालयीन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते.

आपल्याकडेही रमाकांत आचरेकर सरांनी एकोणतीस वर्षांत एकदाही ‘छान खेळलास’ असे म्हटले नाही, ही आठवण सचिन तेंडुलकरने 2013 मधील निरोपाच्या भाषणात सांगितली होती. सारे जग टाळ्या वाजवत असताना टाळी न वाजवणारा एक माणूस जवळ असणे हे भाग्यच.

या भेटीत घडते काय?

‘कोच’ या शब्दाचा मूळ अर्थ घोडागाडी. आपल्याकडचा ‘कोचवान’ त्यातूनच आला. गाडी प्रवाशाला त्याच्या गावाला पोहोचवते, गाव मात्र प्रवाशाने ठरवायचे असते. कोचचे काम असेच आहे. तो तयार उत्तरे देत नाही, प्रश्न विचारतो. सल्लागार ‘असे करा’ म्हणून सांगतो. कोच विचारतो, ‘तुम्ही आतापर्यंत काय करून पाहिलेत? त्याचा परिणाम काय झाला? आणखी काय करता येईल?’

हे प्रश्नही वाटेल तसे विचारले जात नाहीत. ब्रिटनचे माजी मोटारशर्यतपटू जॉन व्हिटमोर यांनी 1992 मधील आपल्या पुस्तकात मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत अनेक कोच वापरतात. आधी काय साधायचे ते ठरवायचे. मग आजची परिस्थिती जशी आहे तशी मांडायची. नंतर शक्य तेवढे मार्ग शोधायचे. शेवटी त्यांतला कोणता मार्ग, कधीपासून, हे पक्के करायचे. पुढच्या भेटीत सुरुवात होते ती ‘ठरवल्याप्रमाणे केलेत का?’ या प्रश्नाने. पुष्कळांना खरा फायदा होतो तो या एका प्रश्नाचा.

साधारणपणे दोनतीन आठवड्यांतून एकदा तासभर भेट, असा क्रम सहा महिने ते वर्षभर चालतो. सुरुवातीला वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालची माणसे यांच्याकडून त्या अधिकाऱ्याविषयीची मते गोळा केली जातात. कोण काय म्हणाले हे गुप्त ठेवले जाते, पण मते मात्र आडपडदा न ठेवता सांगितली जातात. आपण शिस्तप्रिय आहोत असे समजणाऱ्याला लोक आपल्याला घाबरतात हे प्रथमच कळते. आपण सर्वांना सांभाळून घेतो असे मानणाऱ्याला समजते की, निर्णय लांबवल्यामुळे लोक वैतागले आहेत.

एक उदाहरण कल्पून पाहू. एका कारखान्यातील विभागप्रमुख रोज रात्री नऊपर्यंत थांबतो, कारण हाताखालच्यांनी केलेले प्रत्येक काम तो पुन्हा तपासतो. ‘माणसेच धड नाहीत’ ही त्याची तक्रार. कोच त्याला एवढेच सांगतो की, गेल्या आठवड्यात तपासलेल्या कामांपैकी किती कामांत खरोखर मोठी चूक सापडली, ते लिहून आणा. यादी करताना त्यालाच दिसते की, बहुतेक वेळा त्याने फक्त शब्द बदलले होते. पुढच्या महिन्यात दोन कामे न तपासता पुढे पाठवायची असे ठरते. पहिल्या दिवशी त्याला झोप लागत नाही. महिन्याअखेरीस मात्र तो साडेसातला घरी पोहोचू लागतो आणि हाताखालची माणसेही अधिक जबाबदारीने वागू लागतात. कोचने त्याला नवे काहीच शिकवले नाही. त्याचेच काम त्याला बाहेरून दाखवले.

असे मार्गदर्शन विशेषत: तीन वेळी उपयोगी पडते. नवे पद स्वीकारल्यानंतरचे पहिले काही महिने ही पहिली वेळ. सहकाऱ्याला त्याची चूक सांगणे, कोणाची मागणी नाकारणे, मतभेद मिटवणे अशी अवघड बोलणी समोर असतील ती दुसरी. कोचसमोर त्याची आधी तालीम करता येते. आणि वर्षानुवर्षे काम ठीक चालले आहे पण पुढे सरकत नाही, ही तिसरी. गावंडे यांची स्थिती हीच होती.

पगार कोण देतो?

आता फ्रेझर यांच्या कथेचा दुसरा भाग. म्हैसूरच्या महाराजांचे हे शिक्षक 1905 मध्ये पुन्हा म्हैसूर राज्यात आले, पण या वेळी ब्रिटिश रेसिडेंट म्हणून. 1910 पर्यंत ते त्या पदावर होते. म्हणजे ज्याच्यापुढे विद्यार्थी म्हणून मन मोकळे केले असेल, तोच आता सार्वभौम सत्तेचा प्रतिनिधी म्हणून कारभारावर नजर ठेवणार! व्यक्तिश: दोघांचे संबंध कितीही चांगले असोत, ही रचनाच अवघड होती. आधीपासूनही ते शिक्षक इंग्रज सरकारच्या सेवेतले होते आणि संस्थानिक आपल्याला सोयीचा व्हावा अशी त्या सरकारची इच्छा असणारच.

आजच्या कोचिंगमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. कोचची फी कंपनी देते, बोलतो मात्र कर्मचारी. मग कोच कोणाचा? तो ऐकलेले सारे वर जाऊन सांगणार असेल तर कोण मोकळेपणाने बोलेल? म्हणून सुरुवातीलाच कंपनी, कोच आणि अधिकारी या तिघांनी एकत्र बसून मर्यादा ठरवून घ्यायला हव्यात. कोणत्या गोष्टीत सुधारणा हवी, भेटी ठरल्याप्रमाणे झाल्या की नाही, एवढे कंपनीला कळावे. भेटीत काय बोलणे झाले ते दोघांतच राहावे. ही गोष्ट शक्यतो लेखी असावी. जो कोच हे लेखी द्यायला कचरतो त्याच्यापुढे मन उघडू नये. तसेच, उद्या ज्याच्या हाती आपला गोपनीय अहवाल जाणार आहे त्या वरिष्ठाला आपला कोच करू नये, तो कितीही सज्जन असला तरी.

काही ठिकाणी कोचिंगचा उपयोग शिक्षेसारखा केला जातो. एखाद्याला काढायचे आधीच ठरलेले असते आणि ‘आम्ही संधी दिली होती’ असे दाखवण्यासाठी कोच नेमला जातो. अशा वेळी कोणताच फायदा होत नाही. आपल्याला कोच का दिला जात आहे, हे विचारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे.

निवडताना काय पाहावे?

आपल्या देशात कोच म्हणवून घ्यायला कोणताही परवाना लागत नाही. चार दिवसांचा वर्ग करून कोणीही कार्ड छापू शकतो. म्हणून पारखून घेणे आवश्यक आहे. 1995 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशन ही संस्था तीन पातळ्यांची मान्यता देते. त्यासाठी प्रशिक्षणाबरोबर अनुक्रमे किमान 100, 500 आणि 2500 तासांच्या प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. अशी मान्यता असणे चांगले, पण तेवढ्यावर विसंबू नये. कोचशी आधी एकदा अर्धा तास बोलून पाहावे. त्या अर्ध्या तासात तो स्वत:विषयीच जास्त बोलला तर दुसरा शोधावा. महिन्याभरात आयुष्य बदलून देण्याची हमी देणाऱ्यापासून तर दूरच राहावे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कोच हा डॉक्टर नव्हे. झोप उडाली आहे, कशातच रस वाटत नाही, जगणे नकोसे वाटते, असे दिसू लागले तर तो कामातील कौशल्याचा प्रश्न राहिलेला नसतो. तेथे मानसोपचारतज्ज्ञाचीच मदत घ्यावी. चांगला कोच स्वत:च तसे सुचवतो.

कंपनी फी देत नसेल तर?

सहकारी बँका, शाळा, नगरपालिका, छोटे कारखाने अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना कंपनीच्या खर्चाने कोच मिळणे कठीण. त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. आपल्याच क्षेत्रातून निवृत्त झालेली, पण आपल्या कार्यालयाशी आता संबंध न उरलेली एखादी जाणती व्यक्ती शोधावी. निवृत्त मुख्याध्यापिका नव्या मुख्याध्यापिकेला, निवृत्त शाखाव्यवस्थापक नव्या व्यवस्थापकाला जे सांगू शकेल ते कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. बहुतेक ज्येष्ठांना असे विचारलेले आवडते. त्यांनी गावंडे यांच्या ऑस्टीन सरांप्रमाणे शक्य असेल तर प्रत्यक्ष काम पाहावे. निदान एखाद्या सभेला मागे बसावे, एखादे पत्र वाचावे.

मात्र या भेटींना गप्पांचे रूप येऊ देऊ नये. पंधरा दिवसांतून एक तास, विषय एकच, आणि उठताना एक गोष्ट लिहून घ्यायची, जी पुढच्या भेटीपूर्वी करून पाहायची. गैरहजर माणसांच्या तक्रारीत तास घालवायचा नाही. बोललेले बाहेर जाऊ द्यायचे नाही. एवढे नियम पाळले तरी निम्मे काम होते.

पती किंवा पत्नीने एकमेकांचे कोच व्हावे का? शक्यतो नाही. जोडीदार ऐकून घेतो, धीर देतो, हे फार मोठे काम आहे आणि ते त्यानेच करावे. परंतु त्याला एकच बाजू कळते आणि त्या पगारावर त्याचेही घर चालत असते. तटस्थ राहणे त्याला कसे जमणार? उलट घरच्यांनी एक करावे. ‘तू बरोबरच आहेस’ असे दर वेळी म्हणण्याऐवजी ‘हे तू कोणा जाणत्या माणसाशी बोललास का?’ असे विचारावे. मदत मागणे म्हणजे अपात्रता नव्हे, हे आधी घरात मान्य झाले की कार्यालयात ते मान्य करणे सोपे जाते.

आणि मार्गदर्शन कधी थांबवावे हेही आधीच ठरलेले असावे. म्हैसूरच्या महाराजांचे शिक्षण 1902 मध्ये, शाहू महाराजांचे 1894 मध्ये संपले, कारण त्या दिवसापासून निर्णय त्यांनी घ्यायचे होते. शाहू महाराजांनी पुढेही फ्रेझर यांच्याशी पत्रव्यवहार ठेवला, पण कोल्हापूर चालवले स्वत:च्या मताने. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट कोचला विचारल्याशिवाय करवेना, असे झाले तर समजावे की कुठे तरी चुकते आहे. ज्या प्रश्नासाठी आपण कोचकडे गेलो तो प्रश्न आता आपणच स्वत:ला विचारू लागलो, की फी वसूल झाली.